माहेर कुठल्या जिल्ह्यात?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही मोरिवलीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. मोरिवली म्हणजे ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथला खेटून. वाचायचं एकीनेच असं ठरलंय, पण लिहिलंय सगळ्यांनी मिळून. म्हणून आम्ही 'आम्ही'च म्हणणार.

आजचा विषय आहे आपलं कोकण, त्याचे जिल्हे आणि तालुके. तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, हा शाळेतला भूगोल आता कशाला? भाकरी थापायला जिल्हा लागत नाही. आम्हालाही तसंच वाटायचं. पण आमच्या गटातल्या एका मावशींच्या बाबतीत जे झालं, त्यानंतर आम्ही सगळ्यांनी हा भूगोल पुन्हा शिकायला घेतला.

मावशींचे यजमान आजारी होते. हवापालट म्हणून लेकीकडे गेले, नेरळच्या पुढच्या एका गावात, आणि तिथेच वारले. दिवसकार्य इकडे घरी झालं. दीडएक महिन्याने मावशी संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला लागल्या. त्याला मृत्यूचा दाखला हवा. मावशी एका कार्यालयात जाऊन विचारायच्या, तिथे नाव सापडायचं नाही, मग परत जायच्या. असे चार खाडे झाले. मावशी धुण्याभांड्याची कामं करतात, खाडा झाला की पैसे कापले जातात. पाचव्या खेपेला रांगेतल्याच एका बाईने विचारलं, "मावशी, वारले कुठे ते?" मावशी म्हणाल्या, "लेकीकडे." तेव्हा कुठे उलगडा झाला.

मैत्रिणींनो, जन्म आणि मृत्यू जिथे घडतो तिथेच त्याची नोंद होते. माणूस राहायला कुठे होता, रेशनकार्ड कुठलं, हे तिथे बघत नाहीत. लेकीचं गाव कर्जत तालुक्यातलं आणि कर्जत तालुका रायगड जिल्ह्यातला. कर्जतच्या लोकलने निघालात तर वांगणीपर्यंत ठाणे जिल्हा आणि पुढच्याच शेलूला रायगड. गाडीत कोणाला कळतही नाही की जिल्हा बदलला.

तिकडे चौकशी केली, तर नोंदच झालेली नव्हती. लेकीच्या सासरचे समजले, आई तिच्या गावाला करील. आई समजली, जिथे गेले तिथे झालीच असेल. ही नोंद २१ दिवसांत करायची असते. ३० दिवसांपर्यंत उशिराचं शुल्क भरून होते. त्यानंतर वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. मावशींचं काम शेवटी झालं, पण मधे पाच महिने गेले. ते पाच महिने घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर चाललं.

त्या महिन्याच्या बैठकीत आम्ही हप्ते गोळा केले आणि मग अंगणात रांगोळीने नकाशा काढायला बसलो. पश्चिमेला निळ्या रंगाचा समुद्र आणि पूर्वेला गेरूची जाड रेघ, तो सह्याद्री. मधली जी पट्टी उरली ती कोकण. उत्तरेला दमणगंगा, दक्षिणेला तेरेखोलची खाडी. महाराष्ट्राचा हा किनारा ७२० किलोमीटरचा. समुद्राकडच्या सखल भागाला खलाटी म्हणतात आणि डोंगराच्या पायथ्याकडच्या उंचसखल भागाला वलाटी. नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोड्याच अंतरात समुद्र गाठतात. वैतरणा, उल्हास, पाताळगंगा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, सगळ्या पश्चिमेकडे धावणाऱ्या.

तेवढ्यात एकजण म्हणाली, "कोकण म्हणजे चिपळूण, कणकवली. आपण कुठले कोकणातले? आपल्याकडे समुद्र तरी आहे का?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या मोरिवलीतून समुद्र दिसत नाही. पण उल्हास नदी बदलापूरवरून, कल्याणवरून पुढे जाते आणि वसईच्या खाडीला मिळते. कल्याण हे खाडीकाठचं जुनं बंदर. अंबरनाथचं शिवमंदिर आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ आहे. ते बांधलं शिलाहार राजांनी, आणि हे शिलाहार उत्तर कोकणावर राज्य करत होते. तेव्हा आपण कोकणातलेच, आणि आजचेही नाही, हजार वर्षांचे.

सरकारच्या कागदातही तसंच आहे. महाराष्ट्राचे सहा महसुली विभाग आहेत, त्यांतला कोकण विभाग आपला. त्यात सात जिल्हे: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. विभागीय आयुक्त बसतात नवी मुंबईत, बेलापूरच्या कोकण भवनात. गंमत म्हणजे दहावी-बारावीच्या बोर्डात हिशोब वेगळा आहे. तिथल्या कोकण मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे. आपल्या मुली मुंबई मंडळात. निकालाच्या दिवशी बातमी येते की कोकणचा निकाल अमुक टक्के, ती आपल्या मुलींची नसते.

मग आम्ही एकेकीला विचारलं, तुझं माहेर दाखव. जिचं जिथे माहेर तिथे तिने एक चिंचोका ठेवायचा. इथे खरी मजा आली.

एकीचं माहेर वाड्याचं. ती म्हणाली, "माझं लग्न झालं तेव्हा वाडा ठाणे जिल्ह्यात होता. मी ठाण्यातून ठाण्यातच आले. आता म्हणे माझं माहेर पालघर जिल्ह्यात." बरोबर आहे. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्याचे दोन भाग झाले आणि पालघर हा राज्याचा ३६वा जिल्हा झाला. त्याआधी ठाणे जिल्ह्यात १५ तालुके होते. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटी दहा लाखांच्या वर, देशात सगळ्यात मोठी. पालघरकडे आठ तालुके गेले: पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा. आपल्या ठाण्यात सात राहिले: ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड. डहाणू, पालघर, वसईबरोबर जवळजवळ सगळा समुद्रकिनाराही गेला. ठाणे जिल्ह्याकडे उघडा समुद्र आता भाईंदरच्या उत्तनकडेच काय तो आहे. बाकी सगळी खाडी.

हे कशासाठी केलं? तलासरीच्या बाईला जिल्हाधिकारी कचेरीत यायचं तर शंभराच्या वर किलोमीटर ठाण्याला यावं लागायचं. आता पालघर तिला त्यापेक्षा पुष्कळ जवळ. मोखाड्याच्या बाईला मात्र पालघरही लांबच पडतं. रेघ नवी ओढली तरी मधले डोंगर आहेत तिथेच आहेत.

दुसऱ्या एका सासूबाईंचं माहेर कुडाळकडचं. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलंय, जिल्हा रत्नागिरी. नात म्हणाली, आजी, कुडाळ तर सिंधुदुर्गात. दोघींचं खरं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला, रत्नागिरीतून. सासूबाई शाळा सोडून आल्या त्याच्या आधी. तिसरीच्या आजेसासू रोह्याच्या. त्या अजून 'कुलाबा जिल्हा' म्हणतात. त्याच १९८१च्या जानेवारीत कुलाब्याचं नाव रायगड झालं. मुंबईचेही शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे १९९०पासून आहेत.

आमच्या अंगणातली एकही बाई आपलं माहेर उचलून दुसरीकडे घेऊन गेली नव्हती. तरी तिघींच्या माहेराचा पत्ता बदलला होता. आणि तो बदल आपल्या कागदांना लागतो. जातीच्या दाखल्याचंच बघा. लग्न झालेल्या बाईचा जातीचा दाखला नवऱ्याच्या गावावरून मिळत नाही. तिच्या वडिलांकडचं कुटुंब ठरलेल्या तारखेला कुठे राहत होतं, त्या भागाच्या प्रांतांकडून तो काढायचा असतो. अनुसूचित जाती-जमातींना ती तारीख १९५० सालची, भटक्या-विमुक्तांना १९६१ची आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ची. जुन्या कागदावर जिल्हा ठाणे लिहिलेला असला, तरी गाव वाड्याचं असेल तर आज जायचं पालघर जिल्ह्यात. जुना कागद खोटा ठरत नाही. तो फाडू नका, दुसरा मागू नका. तो आणि जिल्हा कधी बदलला ती तारीख, दोन्ही सांगा.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या भागात कामाच्या तीन शिड्या आहेत. कुठल्या कामाला कुठली शिडी, एवढं कळलं तर निम्मे खाडे वाचतात.

पहिली शिडी महसुलाची. जमीन, वारसनोंद, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, निराधारची पेन्शन, ही सगळी तिथली. खालची पायरी तलाठी. आता त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आपण तलाठीच म्हणतो. एका तलाठ्याकडे जी गावं असतात तिला सजा म्हणतात. त्यांच्यावर मंडळ अधिकारी, ज्यांना आपण सर्कल म्हणतो. मग तहसीलदार, मग प्रांत, मग जिल्हाधिकारी आणि सगळ्यात वर विभागीय आयुक्त. आमचं तहसील अंबरनाथ. प्रांत उल्हासनगरचे, कारण उल्हासनगर आणि अंबरनाथ हे दोन तालुके मिळून एक उपविभाग आहे. जिल्हाधिकारी ठाण्याला. गाव असो की शहर, ही शिडी दोघांना सारखीच.

दुसरी शिडी पंचायतीची. पाणी, दिवाबत्ती, घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद, रोजगार हमीचं काम हे ग्रामपंचायतीत. तिच्यावर पंचायत समिती, तिथे गटविकास अधिकारी. त्यावर जिल्हा परिषद. अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र यांचं गाऱ्हाणं या शिडीने जातं. आपल्याकडे जिल्हा परिषदा १ मे १९६२पासून सुरू झाल्या. ठाणे जिल्ह्यात तालुके सात, पण पंचायत समित्या पाचच, कारण ठाणे आणि उल्हासनगर तालुक्यात आता ग्रामीण भागच उरला नाही. गावातले बचत गट 'उमेद'मध्ये येतात, तेही तालुक्याच्या याच ठिकाणाहून चालतं. या शिडीवर निम्म्या जागा बायकांच्या आहेत, २०११पासून. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तुमच्या गावात होते का, ते विचारा.

तिसरी शिडी शहराची. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर इथे नगरपरिषद, तिथे मुख्याधिकारी. उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवलीला महानगरपालिका, तिथे आयुक्त. शहरातल्या बचत गटांच्या योजनाही वेगळ्या, त्या नगरपरिषदेकडून चालतात.

या तिसऱ्या शिडीची हद्द सरकत असते, आणि आपल्यासारख्या शहराच्या कडेच्या बायकांना तीच सगळ्यात जड जाते. अंबरनाथ आणि बदलापूर १९८३ साली कल्याणच्या महापालिकेत घातले होते, १९९२ला पुन्हा वेगळे झाले. कल्याण-डोंबिवलीच्या आजूबाजूची २७ गावं १९८३ला महापालिकेत गेली, २००२ला बाहेर काढली, २०१५ला पुन्हा आत घेतली. २०२० साली त्यांतली १८ गावं परत वगळायचं ठरलं, तर उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. विचार करा, तिथल्या एका बाईने त्याच घरात, त्याच चुलीपुढे बसून किती कारभार पाहिले असतील. तुमचं गाव शहरात जाणार असं ऐकलंत तर आधी विचारा: घरपट्टी किती होईल, रोजगार हमीचं काय, गटाची नोंदणी कुठे जाईल, शाळा कोण चालवणार. आणि जुन्या ग्रामपंचायतीचा नमुना ८, पावत्या, दाखले जपून ठेवा. पुढे त्यांचीच साक्ष लागते.

शिवाय काही रेघा या तिन्ही शिड्यांशी जुळतच नाहीत. बदलापूर आमच्याच तालुक्यातलं, पण त्यांचा आमदार मुरबाड मतदारसंघाचा आणि खासदार भिवंडीचा. अंबरनाथचा खासदार कल्याणचा. पोलिसांचंही तसंच. अंबरनाथ शहर ठाणे शहर पोलीस आयुक्तांच्या हद्दीत, आणि वांगणीकडचा ग्रामीण भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. म्हणून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एखाद्या बाईवर अत्याचार झाला आणि ती कुठल्याही पोलीस ठाण्यात गेली, तर "ही आमची हद्द नाही" म्हणून तिला परत पाठवता येत नाही. तक्रार शून्य क्रमांकाने तिथेच नोंदवायची आणि मग त्यांनी ती योग्य ठाण्याकडे पाठवायची, असा कायदा आहे. हद्द शोधायचं काम पोलिसांचं, मार खाल्लेल्या बाईचं नाही. तातडीला ११२ हा क्रमांक आहे, महिलांसाठी १८१ आहे.

आमच्या मोरिवलीत आणखी एक मालक आहे, औद्योगिक वसाहत. रात्री कधी कारखान्याकडून उग्र वास आला, डोळे चुरचुरले, तर नगरपरिषदेत ओरडून पुरत नाही. प्रदूषणाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करायची, त्यांचं कार्यालय कल्याणला आहे. तारीख आणि वेळ लिहून द्या. 'कधीकधी वास येतो' अशा तक्रारीवर कोणी हलत नाही.

आता पाण्याची गोष्ट, कारण पाणी यातली एकही रेघ मानत नाही. वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरात सुरू होते, शिवमंदिराजवळून जाते, पुढे उल्हासनगर, मग कल्याण. वाटेत तीन शहरांचे कारभार लागतात. वरच्याने घाण सोडली की खालच्याला मिळते, आणि खालच्याने ओरडायचं तर ते दुसऱ्याच्या हद्दीत. मोठी उल्हास तर तीन जिल्हे बघते: रायगडात कर्जत, मग आपलं ठाणे, आणि शेवटी वसईच्या खाडीच्या पलीकडच्या काठाला पालघर.

२०१९चा जुलै आठवा. उल्हासला पूर आला आणि २७ तारखेला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर माणसं गाडीत होती, त्यांत नऊ गरोदर बायका. बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं, सगळे सुखरूप बाहेर निघाले. त्या पाण्यातलं बरंचसं वरच्या अंगाला, कर्जतकडे पडलेलं होतं, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून नदीकाठच्या गटांना आमचं सांगणं आहे. पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्याची बातमी ऐकून निवांत झोपू नका. कर्जत-नेरळच्या एखाद्या मैत्रिणीचा नंबर गटाच्या वहीत ठेवा. तिकडे रात्रभर ओतत असेल तर ती फोन करील, आणि तुम्ही धान्याची कोठी आणि कागदाची पिशवी माळ्यावर ठेवाल.

त्या दिवशी रांगोळीचा नकाशा संध्याकाळपर्यंत अंगणात होता. नंतर कोंबड्यांनी विस्कटला. पण आम्ही तो वहीत उतरवून घेतला होता. तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही एवढं करा. प्रत्येकीच्या नावापुढे पाच गोष्टी लिहा. एक, आपलं घर ग्रामपंचायतीत की नगरपरिषदेत. दोन, आपला तलाठी कुठे बसतो आणि तहसील कुठलं. तीन, आपले प्रांत कुठले. चार, आपलं पोलीस ठाणं. आणि पाच, आपल्या माहेराचा आजचा तालुका आणि जिल्हा. जिला सांगता येणार नाही तिला हसू नका. आमच्यातल्या निम्म्याजणींना सांगता आलं नव्हतं.

मावशींची पेन्शन आता सुरू आहे. कोणाच्या घरी पाव्हणा आजारी आहे असं कळलं की त्या भेटायला जातात, विचारपूस करतात, आणि निघताना उंबऱ्याशी हळूच सांगतात, "बाई, देव न करो, पण काही झालंच तर नोंद इथेच करायची बरं का. एकवीस दिवसांत."